सोडवणारा कोणाला म्हणायचं?

आडवळण (धागाकर्ता)

रोमन लोकांनी गुलामाला मुक्त करायची रीतसर पद्धत बसवलेली होती. मालकाच्या मनात आलं, गुलामाच्या किमतीच्या पाच टक्के कर सरकारात भरला, की माणूस मोकळा. आता गंमत बघा. मोकळं होताना त्याला जे नाव मिळायचं ते मालकाचं. रोमन वक्ता सिसेरो याचा लेखनिक तीरो इ.स.पू. ५३ मध्ये सुटला आणि मार्कस तुल्लियस तीरो झाला, कारण मालक मार्कस तुल्लियस सिसेरो. कालचा मालक आजपासून आश्रयदाता. त्याचा मान राखायचा, ठरल्याप्रमाणे त्याची कामं करून द्यायची, न्यायाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर दावा लावायचा नाही. कृतघ्नपणा केला तर खटल्याचीही सोय होती.

हे वाचल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. दुसऱ्याला मोकळं करणाऱ्याबद्दल आपण फार भरभरून बोलतो. बेड्या तोडल्या, दार उघडलं, हात धरून बाहेर काढलं. पण त्यानंतर त्याच्या हातात काय उरतं? सिसेरो दुष्ट होता असं मी म्हणत नाही. तीरोवर त्याचा जीव होता, पत्रांतून ते कळतं. तीरोनेही नंतर त्याचं लिखाण जपलं. तरी दोराचं एक टोक मालकाकडेच राहिलं ना?

माझं म्हणणं असं की सोडवणारा ओळखायचा तो नंतरच्या वागण्यावरून. आधी दाखवलेलं शौर्य त्यापुढे दुय्यम. तुम्हाला काय वाटतं? देश, तुरुंग, घर, नातं, कुठलंही उदाहरण चालेल. फक्त आत्म्याच्या मुक्तीकडे जायला नको, त्यावर इथे ढीगभर धागे पडलेत.

कवडसा

मस्त विषय. रुमाल टाकून ठेवते, सावकाश लिहीन.

तळटीप

मालकांकडे काय उरलं हेच बघायचं तर रोमपर्यंत जायला नको. ब्रिटनने १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई होती. कोणाला? मालकांना. सुमारे आठ लाख माणसं सुटली, त्यांच्या हातावर दमडी पडली नाही. उलट सहा वर्षांखालची मुलं सोडली तर बाकीच्यांनी 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे आणखी काही वर्षं राबायचं होतं. ही उमेदवारी १८३८ मध्ये मोडीत निघाली. भरपाईसाठी काढलेलं कर्ज मात्र पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. म्हणजे ज्यांना सोडवलं त्यांचेच वंशज पुढे ब्रिटनमध्ये राहून करातून ते फेडत होते. (आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. भारतासाठीचा कायदा १८४३चा.)

रशियात झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ मध्ये भूदासांना (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना) मुक्त केलं, म्हणून त्याला मुक्तिदाता झार म्हणतात. जमीन मिळाली ती फुकट नाही. ४९ वर्षांचे हप्ते. तेही गावाच्या सामुदायिक जबाबदारीवर, त्यामुळे गाव सोडून जायचं तर गावाची परवानगी हवी. १९०५च्या उठावानंतर ते हप्ते माफ झाले, १९०७ पासून.

आणि हैतीचं, म्हणजे कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीचं, तर विचारूच नका. तिथल्या गुलामांनी स्वतः लढून फ्रेंचांना हाकललं आणि १ जानेवारी १८०४ला स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. का, तर मालकांचं नुकसान झालं! पुढे आकडा ९ कोटींवर आला, पण त्यापायी काढलेल्या कर्जांचं शेपूट १९४७ पर्यंत वळवळत होतं.

बाणेदार

तळटीप, माहिती नेहमीप्रमाणे चोख. पण तुम्ही दोघंही मालकांच्याच ओसरीवर बसून राहिलात. ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढलं, तर त्याला सोडवणारा कशाला म्हणायचं? चोराने माल परत आणून दिला म्हणून त्याला दानशूर म्हणतो का आपण?

सोडवणारा तो, ज्याच्याकडे किल्ली नसते.

गप्पिष्ट

बाणेदार +१

यावरून हॅरिएट टबमनचं ते वाक्य आठवलं. अमेरिकेत स्वतः गुलामीतून पळून मग परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी ती. मी हजार गुलाम सोडवले, आणखी हजार सोडवले असते, पण आपण गुलाम आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. काय बोलली आहे बाई!

तळटीप

ती असं बोललेली नाही. तिच्या हयातीतल्या एकाही मुलाखतीत, भाषणात किंवा चरित्रात हे वाक्य सापडत नाही, तिच्यावर काम केलेल्या इतिहासकारांनी हे अनेकदा सांगून झालंय. आकडेही जुळत नाहीत. जुन्या चरित्रात १९ फेऱ्या आणि ३०० माणसं असं दिलेलं होतं. कागदपत्रांवरून आता साधारण १३ फेऱ्या आणि ७०च्या आसपास माणसं धरतात.

वाक्य तिला शोभतही नाही, असं माझं मत. गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक नव्हतं? चाबूक कोणाच्या पाठीवर पडत होता? सगळा दोष सुटणाऱ्याच्या अकलेवर ढकलून मोकळं होणारं हे वाक्य आहे. म्हणूनच ते इतकं फिरतं, कारण ते पुढे पाठवणाऱ्याला आपण जागे आहोत असं वाटतं.

बाणेदार

वाक्य खोटं असेल, बाई खरी होती. तिच्याबद्दल नीट लिहितो, कारण मला ज्या अर्थाचा माणूस म्हणायचाय तो तीच.

१८४९ मध्ये मेरीलँडमधून ती स्वतः पळाली. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत पोचली, सुटली. तिथेच थांबली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती. ती परत गेली. आणि नुसती धाडसी नव्हती, तर पक्की व्यवहारी होती. निघायचं बहुतेक शनिवारी रात्री, कारण पळालेल्या गुलामाची जाहिरात वर्तमानपत्रात सोमवारच्या आत छापून यायची नाही. फेऱ्या शक्यतो थंडीत, रात्री मोठ्या असतात आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. तान्ह्या मुलांना गुंगीचं औषध द्यायची, रडू नयेत म्हणून. जवळ पिस्तूल असायचं. वाटेत कोणी कच खाल्ली आणि परत जातो म्हणाला, तर ते त्याच्यावर रोखायची, कारण परत गेलेला एक माणूस सगळी वाट उघडी पाडू शकत होता. पळालेल्या गुलामांबद्दलच्या १८५०च्या कायद्यानंतर उत्तरेतही पकडून परत नेऊ लागले, तेव्हा तिने माणसं थेट कॅनडात न्यायला सुरुवात केली.

आता आडवळण यांचा प्रश्न: हातात काय उरलं? नवऱ्याला आणायला गेली तर त्याने दुसरी बायको केलेली, तो आला नाही. बहीण रेचल मुलांना मागे ठेवून निघायला तयार नव्हती. १८६० मध्ये टबमन पुन्हा तिच्यासाठी गेली, तेव्हा रेचल वारलेली होती. मुलांना बाहेर काढायला ३० डॉलर लाच लागणार होती, तेवढे जवळ नव्हते. त्या फेरीत ती दुसऱ्याच एका कुटुंबाला घेऊन आली. रिकाम्या हाताने परतणं तिला परवडणारं नव्हतं, भाचरांची जागा भरून निघणारी नव्हती, तरी तिने ती फेरी वाया घालवली नाही.

ही बाई. तिच्यापुढे झारबिर सगळे पाणी कम.

कवडसा

पिस्तूल मला खटकतं. माहीत आहे, परिस्थिती तशी होती. पण 'तुला मोकळं करते, मागे फिरलास तर गोळी घालेन' यात मोकळं कोण आहे?

बाणेदार

मागे राहिलेले. ज्यांची अजून पाळी यायची होती ते. सुटका ही एकट्याची खासगी बाब तिथे नव्हतीच.

उंबरठा

कवडसा यांचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिहिते. मी घरातल्या मारहाणीतून बाहेर पडू बघणाऱ्या बायकांसोबत काम करते. आमच्याकडे पिस्तूल नसतं, पण घाई असते, आणि तीही कमी धोक्याची नाही.

बाहेरच्यांना वाटतं, सोडवणं म्हणजे एके दिवशी गाडी घेऊन जायचं आणि तिला घेऊन यायचं. प्रत्यक्षात निघायच्या आसपासचा काळ सगळ्यात जीवघेणा. माणूस हातातून जातोय हे कळलं की मारणारा कुठल्याही थराला जातो. त्यामुळे कामाचा मोठा भाग दिसायला अगदी किरकोळ असतो. एक पिशवी. ओळखपत्रं, मुलांचे दाखले, बँकेचं पासबुक, रोजच्या गोळ्या, घराची जोडकिल्ली, थोडी रोकड, एक कपड्याचा जोड. ही पिशवी घरात ठेवायची नाही, शेजारीण किंवा कामाची जागा, जिथे विश्वास आहे तिथे. फोनमध्ये आपण कुठे आहोत हे कोणाकोणाला दिसतंय ते बघून ठेवायचं, पण लगेच बंद करायचं नाही. अचानक बंद झालं की समोरचा सावध होतो. मुलांना आधी सांगायचं का, किती सांगायचं. ती कोणाला फोन करणार आणि त्या फोनवर कुठला साधा शब्द बोलणार, ज्यावरून पलीकडच्याला कळेल.

यातलं एकही मी ठरवत नाही. कधी निघायचं, तेही नाही. मी फक्त विचारते, ती ठरवते. वर्षानुवर्षं तिचं सगळं दुसऱ्याने ठरवलेलं आहे. त्यात मी 'चांगली' ठरवणारी म्हणून जाऊन बसले, तर घर बदललं, मालक बदलला, बाकी तेच.

आणि बऱ्याच जणी परत जातात. एकदाच नाही. पैसे संपतात, मुलं रडतात, तो पाया पडतो, सासू फोन करते. इथे सोडवणाऱ्याचा कस लागतो. नवीन आलेले कार्यकर्ते चिडतात: आम्ही रात्री-अपरात्री धावलो आणि ही पुन्हा त्याच दारात! हा राग समजू शकतो, पण त्या रागाचा हिशेब नीट तपासला की कळतं, तिची सुटका ही आमची कमाई आहे असं आम्ही धरून बसलेलो असतो. ती परत गेली की आमचं नुकसान झाल्यासारखं वाटतं. (तळटीप यांनी लिहिलेली मालकांची भरपाई वाचताना हेच आठवलं.)

आडवळण

उंबरठा, या प्रतिसादासाठी धागा काढला असं म्हणेन. शेवटचा कंस तर फार जिव्हारी लागला.

पारवा

माणसांचं चाललंय, मी पक्ष्यांचं आणतो. चालेल ना?

कॅलिफोर्नियाचा काँडोर, प्रचंड गिधाड, पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडला. तेव्हा जगात एकूण २७ काँडोर, सगळे पिंजऱ्यात. मग प्रजनन, आणि १९९२ पासून पुन्हा रानात सोडायला सुरुवात. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून हातात काँडोरच्या डोक्याचं बाहुलं घालून भरवायचे, माणूस आडोशाला.

तरी पहिल्या खेपेचे पक्षी सोडल्यावर विजेच्या खांबांवर बसायला लागले, तारांना धडकून मेले. रानातल्या काँडोरला उंच वाळकं झाड हवं असतं, याला खांबही झाडच वाटला. एक जण गाडीच्या इंजिनातला गोठणरोधक द्रव पिऊन मेला. मग त्यांनी काय केलं? पिंजऱ्यातच खोटे खांब उभे केले. त्यावर बसलं की हलका झटका. शेजारी खरी झाडं, तिथे काही नाही. पक्षी खांब टाळायला शिकतात. नंतर मोकळं. शिवाय पिल्लांसोबत एक वयस्क काँडोर ठेवायला लागले, कारण कुणी कुणाला आधी खाऊ द्यायचं वगैरे रीतभात बाहुलं शिकवू शकत नाही.

मला यात बघण्यासारखं हे वाटतं की दार उघडणं हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात सोपा भाग. एका माणसाला एक कडी सरकवायला किती वेळ लागतो? आणि सुटल्यावरही काम संपत नाही. पंखावर क्रमांक आणि ट्रान्समीटर, वर्षातून एकदा तरी पकडून रक्तातलं शिसं तपासायचं, कारण शिकाऱ्यांच्या गोळ्यांचं शिसं मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जातं.

खडूस आजोबा

म्हणजे दोर इथेही आहेच की. ट्रान्समीटर.

पारवा

आहे. पण तो दोर ओढायला नाही. शिसं माणसाने पसरवलंय, म्हणून माणूस तपासतो. ज्या दिवशी शिशाच्या गोळ्या थांबतील त्या दिवशी तो काढता येईल.

कवडसा

रुमाल उचलते.

वॉशिंग्टनमध्ये लिंकनचा एक पुतळा आहे, १८७६चा. लिंकन उभा, एका हाताखाली गुलाममुक्तीचा जाहीरनामा, दुसरा हात पुढे. त्याच्या पायाशी एक काळा माणूस, उघडा, एका गुडघ्यावर, तुटलेल्या बेड्या. चेहरा ज्याच्यावरून घडवला तो आर्चर अलेक्झांडर. आणि या आर्चर अलेक्झांडरची खरी हकीकत अशी की यादवी युद्धात मिसुरीत दक्षिणेच्या बाजूच्यांनी पूल खिळखिळा करून ठेवल्याची बातमी त्याने जीव धोक्यात घालून उत्तरेच्या सैन्याला पोचवली आणि स्वतः पळून सुटला. मिसुरीला तर लिंकनचा १८६३चा जाहीरनामा लागूच नव्हता! जो स्वतः सुटला तो शिल्पात गुडघ्यावर.

पुतळ्याच्या अनावरणाला फ्रेडरिक डग्लस बोलला. तो स्वतः गुलामीतून पळालेला. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले, आणि हा म्हणतो की लिंकन मूळचा गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष, तुम्ही त्याची सख्खी मुलं, आम्ही फार तर सावत्र. पण त्याच भाषणात लिंकनचं ऋणही मोकळेपणाने मानलंय. काही दिवसांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याने म्हटलं, मरायच्या आधी मला काळ्या माणसाचा असा पुतळा बघायचाय, जो गुडघ्यावर नाही, स्वतःच्या पायांवर उभा आहे. हे पत्र विस्मरणात गेलं होतं, २०२० मध्ये पुन्हा सापडलं. बॉस्टनमधली या पुतळ्याची प्रतिकृती त्याच वर्षी हलवली.

पण थांबा, म्हणून पुतळा वाईट, विषय संपला, असं मला म्हणायचं नाहीये. पैसे सुटलेल्यांनीच दिले होते. शार्लट स्कॉट नावाच्या बाईने सुटल्यावर मिळवलेले पाच डॉलर पहिल्यांदा दिले, लिंकनचा खून झाल्याचं कळलं त्या दिवशी. पुतळा कसा असावा हे मात्र तिला कोणी विचारलं नाही. आपण 'कृतज्ञता म्हणजे दोरच' असं म्हणून तिचे पाच डॉलर खोटे ठरवायचे का? मला नाही ते जमणार. उपकार वाटणं हा तिचा हक्क आहे. त्या उपकाराचा आकार दुसऱ्याने ठरवला, घोळ तिथे आहे.

सुटलेली

वाचनमात्र असते इथे. कवडसा यांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहावंसं वाटलं.

मी एका पंथात होते. नाव सांगत नाही, कुठला ते ओळखायचा प्रयत्नही करू नका. पगार तिकडे जायचा, कोणाशी बोलायचं ते तिथे ठरायचं. एका मैत्रिणीने बाहेर काढलं. चिकाटीने, न चिडता, उंबरठा म्हणतात तसंच. तिच्या घरी राहिले, तिच्या ओळखीने नोकरी लागली. तिचे उपकार आहेत आणि मी ते मरेपर्यंत मानीन.

पण नंतर काय झालं, तर ती गोष्ट तिची झाली. चार लोक जमले की ती सांगायची. 'हिला कसं बाहेर काढलं!' मी तिथेच बसलेली. तपशील चुकायचे. पंथातली सगळी माणसं तिच्या गोष्टीत राक्षस, आणि मी बिनडोक. तसं नव्हतं. तिथे माझी आजारपणं काढणारी माणसं होती, मला गाणं शिकवणारी होती. मी काही विचार करूनच गेले होते आणि विचार करूनच निघाले. तिच्या गोष्टीत माझ्या निघण्याला जागाच नव्हती, नुसतं तिचं काढणं होतं.

ती वाईट नाही. तिला कळतच नव्हतं. पण दर वेळी ती सांगायला लागली की मला पुन्हा तिथल्या सभेत बसल्यासारखं व्हायचं, जिथे माझ्याबद्दल माझ्यासमोर दुसरा बोलतो.

आडवळण

सुटलेली, लिहिल्याबद्दल आभार. यावर शहाणपणा शिकवायचा नाही असं ठरवून फक्त एक जोडतो.

पॅरिसमधल्या वेड्यांच्या बेड्या पिनेल या डॉक्टरने काढल्या, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यावर मोठमोठी तैलचित्रं आहेत: मध्यभागी डॉक्टर, भोवती हात चुंबणाऱ्या बायका. तिथल्या बिसेत्र रुग्णालयातल्या रुग्णांच्या बेड्या प्रत्यक्षात १७९७ मध्ये काढल्या त्या ज्याँ-बातिस्त प्यूसँ नावाच्या देखरेख करणाऱ्याने. पिनेल तेव्हा तिथून दुसऱ्या रुग्णालयात गेलेलासुद्धा होता. हा प्यूसँ डॉक्टर नव्हता. गंडमाळेचा रोगी म्हणून त्याच बिसेत्रमध्ये आला, बरा झाला आणि तिथेच कामाला राहिला. आत राहिलेला माणूस. रोग्यांना मारायचं नाही हा दंडक त्याने घातला, आणि बरे झालेल्यांनाच नोकर म्हणून घ्यायचा. पिनेलने स्वतः त्याचं श्रेय लिहून ठेवलंय, त्याला आपल्याकडे बोलावूनही घेतलं. पण चित्राच्या मध्यभागी तो नाही. चित्रकारांना डॉक्टर हवा होता.

तळटीप

बेड्यांच्या जागी बांधून ठेवायचा अंगरखा आला, हेही नोंदवून ठेवा. :)

बाणेदार

हे सगळं मान्य. पण असंच सोलत गेलो तर शेवटी एकही सोडवणारा शिल्लक राहणार नाही. प्रत्येकाला वाटेल, नको बाबा, उद्या म्हणतील नाव मिळवायला गेला. कोणी तरी पुढे व्हावं लागतं. २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्यात बाबासाहेब उतरले आणि त्यांनी पाणी प्यायलं, मग हजारो लोक प्यायले. पहिली ओंजळ कोणाची तरी असावीच लागते.

खडूस आजोबा

बाणेदार, उदाहरण छान निवडलंत, पण ते आडवळण यांच्याच पारड्यात जातं. बाबासाहेबांनी घागरी भरून लोकांच्या घरी पाठवल्या नाहीत. लोक स्वतःच्या पायांनी तळ्यापर्यंत गेले आणि स्वतःच्या ओंजळीने प्यायले. परतताना मार खाल्ला तोही त्यांनीच. आणि नंतरचं विसरलात. तळं खासगी आहे म्हणून दावा पडला, तो उच्च न्यायालयात निकाली निघाला १९३७ मध्ये. दहा वर्षं! ओंजळ सगळ्यांना आठवते, कोर्टाच्या तारखा कोणाला आठवत नाहीत.

बाणेदार

आजोबा, हे मान्य करतो. पारडं तुमचं.

तळटीप

देशांचे मुक्तिदाते राहिलेच. दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढलेल्या बोलिवारला १८१३ मध्ये ही पदवी मिळाली, रीतसर किताब म्हणून. तिथले पाच देश आज त्याला मानतात. १८१५च्या अखेरीस तो हरून हैतीत आला, तेव्हा पेत्यों या हैतीच्या अध्यक्षाने त्याला माणसं आणि बंदुका दिल्या. अट एकच, जिंकशील तिथले गुलाम सोड. व्हेनेझुएलात गुलामगिरी पुरती गेली १८५४ मध्ये, बोलिवार जाऊन २४ वर्षं झाल्यावर. १८२८ मध्ये त्याने हुकूमशहाचे अधिकार घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरात मारेकरी घरात घुसले. मान्वेला साएन्स हिने त्याला खिडकीतून पळवलं आणि स्वतः दारात मारेकऱ्यांना अडवून धरलं. तो तिला मुक्तिदात्याची मुक्तिदात्री म्हणायचा. ती पुढे पेरूच्या पायता नावाच्या बंदरात हद्दपारीत, गरिबीत वारली. १८५६, घटसर्पाची साथ.

दुसरा मुक्तिदाता सान मार्तिन. अर्जेंटिना, चिले, पेरू इथे स्पेनविरुद्ध लढला. जुलै १८२२ मध्ये ग्वायाकीलला बोलिवारला भेटला, बंद दाराआड. दोन महिन्यांत पेरूची सत्ता सोडली आणि पुढे युरोपात निघून गेला. १८५० मध्ये फ्रान्समध्ये वारला.

कवडसा

म्हणजे सान मार्तिन उत्तीर्ण?

तळटीप

इतकं सोपं नाही. तो गेला तेव्हा पेरूचं युद्ध अर्धवट होतं. ते पुरं केलं बोलिवारने, १८२४ मध्ये. नंतर लुडबुड न करणं चांगलं हे खरं, पण अर्ध्यात सोडून जाणं म्हणजे लुडबुड न करणं नव्हे. पारवा यांच्या पक्ष्यांना विचारा.

कवडसा

सुटलेली, एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. मैत्रिणीला हे बोललात का कधी?

सुटलेली

बोलले. चिडली, रडली, 'मी काय कमी केलं' म्हणाली. मी म्हटलं, काहीच कमी केलं नाहीस, फक्त ती गोष्ट मला दे. आता बरं आहे आमचं. परवा कोणीतरी विषय काढला तर म्हणाली, तिलाच विचारा. मी सांगितलं नाही, मला कंटाळा आला होता त्या दिवशी.

नवा सदस्य ७

मी इथे नवीन आहे. उंबरठा यांना विचारायचं आहे. आमच्या इमारतीत एक घर आहे, भिंतीपलीकडून आवाज येतात. ती जिन्यात भेटते तेव्हा हसते. आपण काही करावं असं वाटतं, पण धाग्यावरचं वाचून आता भीती वाटायला लागली की आपण बिघडवून ठेवू.

उंबरठा

बिघडवाल म्हणून गप्प बसू नका. फक्त पहिल्याच भेटीत नवऱ्याला शिव्या घालू नका. उद्या तिने त्याच्यासोबत राहायचं ठरवलं तर तुमच्याकडे यायला तिला तोंड उरणार नाही. त्याच्याशी परस्पर बोलायला तर अजिबात जाऊ नका, त्याची किंमत ती मोजते. ती एकटी असताना इतकंच म्हणा की आवाज ऐकू येतात, मला काळजी वाटते, कधीही दार वाजव. ती नाही म्हणाली, विषय बदलला, तर तिथेच सोडा आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं बोला. पिशवी वगैरे तिने विचारलं तरच.

आवाज फार वाढले, जिवावरचं वाटलं, तर मात्र विचार करत बसायचं नाही, पोलिसांना फोन करायचा. तुमच्या शहरातले मदतीचे क्रमांक हवे असतील तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, इथे जाहीर लिहू नका.